शाळेच्या टीममध्ये कुणाला लागलं तर कोचने आणि टीममेट्सनी काय करायचं: पहिल्या मिनिटापासून परत मैदानात येईपर्यंत

हा लेख नवीन कोचसाठी आहे, टीमबरोबर मॅनेजर म्हणून जाणाऱ्या शिक्षकांसाठी आहे आणि तितकाच कॅप्टन आणि टीममधल्या मुलामुलींसाठी आहे. शाळेत असताना माझं स्वतःचं गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं, ऑपरेशन, कुबड्या, फिजिओ सगळं करून झालंय, आणि आता बरीच वर्षं त्याच वयाच्या पोरांना शिकवतोय. त्यामुळे बेंचवर बसून कसं वाटतं तेही माहितीये आणि फायनलच्या आदल्या दिवशी मेन प्लेयर लंगडत आला की कोचच्या पोटात कसा गोळा येतो तेही माहितीये.

उपचार डॉक्टर करतील, व्यायाम फिजिओ देईल. पण मैदानात पहिलं वाक्य कोण काय बोललं, रात्री ग्रुपवर काय मेसेज आले, आठवड्याने ती पोरगी प्रॅक्टिस बघायला आली तेव्हा तिला कुठे बसवलं, हे सगळं आपल्या हातात असतं आणि हे कुणी शिकवत नाही. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, बाकीची सगळी टीम बघत असते. ज्याला लागलं त्याच्याशी तुम्ही कसे वागलात यावरून उरलेली पोरं ठरवतात की उद्या आपल्याला दुखलं तर सरांना सांगायचं की गप्प बसायचं. एकदा टीमला लपवायची सवय लागली की किट कितीही भारी असू दे, काही उपयोग नाही.

१. सीझनच्या आधी: कागद आणि सामान

हे कंटाळवाणं काम आहे पण एका दुपारी होऊन जातं. प्रत्येक प्लेयरचा एक कागद करायचा, त्यात हे हवं:

- आईवडिलांचे किंवा पालकांचे दोन फोन नंबर, आणि ते उचलले नाहीत तर तिसऱ्या कुणाचा तरी
- ॲलर्जी, दमा, फिट्स, हृदयाचा काही त्रास, चालू असलेली औषधं
- आधीच्या दुखापती, आणि डोक्याला कधी मार लागला असेल तर तो वेगळा लिहून
- पालक वेळेत पोचले नाहीत तर तातडीचे उपचार सुरू करायला हरकत नाही अशी त्यांची सही
- इन्शुरन्स असेल तर त्याचा नंबर

हे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, किटबरोबर. फोनमध्ये फोटो असतोच हो, पण नेमकी त्याच वेळी बॅटरी संपते.

किटमध्ये क्रेप बँडेज, तिकोनी पट्टी, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, ग्लोव्ह्ज, कात्री, सलाईनची छोटी बाटली, हात किंवा पाय न हलता बांधून ठेवायला स्प्लिंट, आणि आइसपॅक किंवा बर्फ भरायला जाड पिशव्या. दमा असलेल्या मुलाचा पंप त्याच्या बॅगेत असून चालत नाही, तो साइडलाइनला हवा. पेनकिलर किटमध्ये ठेवू नका, का ते पुढे येईल.

आणि हे तीन प्रश्न प्रत्येक ग्राउंडवर पोचल्या पोचल्या विचारून घ्या. ॲम्ब्युलन्स कुठल्या गेटने आत येईल आणि त्या गेटची किल्ली कुणाकडे आहे? जवळचं कॅज्युअल्टी चालू असलेलं हॉस्पिटल कुठलं? एईडी मशीन (अचानक बंद पडलेल्या हृदयाला शॉक द्यायचं मशीन) आहे का, असेल तर कुठल्या खोलीत आणि ती खोली उघडी आहे का? किल्लीचं मुद्दाम लिहिलंय कारण बऱ्याच ग्राउंडचं मोठं गेट कायम कुलूपबंद असतं आणि माणसं बाजूच्या छोट्या दारातून ये-जा करतात, स्ट्रेचर त्यातून जात नाही.

कामंही आधीच वाटून टाका. मुलाजवळ कोण थांबणार, फोन कोण करणार, गेटवर जाऊन ॲम्ब्युलन्सला रस्ता कोण दाखवणार, बाकीच्या टीमला कोण सांभाळणार, हॉस्पिटलला बरोबर कोण जाणार. मोठा माणूस एकटाच असेल तर यातली दोन कामं कॅप्टन आणि व्हाइस कॅप्टनला द्या, आणि त्यांना ते माहीत असू दे.

२. पहिली दोन मिनिटं

खेळ थांबवा. रेफ्रीने शिट्टी मारली नसेल तर हात वर करून ओरडा, पेनल्टी बसली तर बसू दे.

पडलेल्याला उठवायचं नाही. टीममेट्सनो, हे मुख्यतः तुमच्यासाठी आहे, कारण सगळ्यात आधी तुम्हीच पोचता आणि पहिली ऊर्मी हात धरून ओढून उभं करायची असते, "चल चल, काही नाही झालं". तसं करू नका. मान किंवा पाठीला लागलं असेल, डोक्यावर पडला असेल, हातापायाला मुंग्या येतायत किंवा हलत नाहीत असं सांगत असेल तर मान आहे तशीच राहू द्यायची, हेल्मेट काढायचं नाही, पाणी पाजायचं नाही आणि ॲम्ब्युलन्सची वाट बघायची. जागा धोक्याची असेल किंवा श्वासच चालत नसेल तरच हलवायचं.

कुणाचा धक्का नाही, काही नाही आणि पोरगा धावता धावता कोसळला, हाक मारून ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर ते हृदयाचं आहे असं धरूनच चाला. छातीवर जोरात बॉल लागून कोसळला तरी तसंच. फोन, एईडी आणि लगेच छातीवर दाब, मिनिटाला १०० ते १२०. याचं ट्रेनिंग प्रत्येक कोचने घेतलंच पाहिजे, लेख वाचून ते येत नाही.

बाकी वेळी, म्हणजे बहुतेक वेळी, मुलगा शुद्धीत असतो, दुखत असतं आणि घाबरलेला असतो. खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या, आणि शांत आवाजात विचारा: "कुठे दुखतंय? काय झालं ते सांग. हलू नको, मी आहे इथे." बस, एवढंच.

या वेळी जी वाक्यं तोंडातून निघतात त्यातली बरीच वाईट असतात. "नाटक करू नको." "उठ, मॅच चालू आहे." "एवढ्याने रडतोस?" मला स्वतःला पडल्या पडल्या ऐकू आलेलं पहिलं वाक्य "आता बदली कोणाला उतरवू मी" हे होतं. बोलणारा माणूस वाईट नव्हता, टेन्शनमध्ये होता, पण मला गुडघ्यातला आवाज जितका आठवतो तितकंच ते वाक्यही आठवतं. आणि "काही नाही झालं" हेही नको, कारण काय झालंय ते तुम्हाला अजून माहीत नाही.

टीममेट्सनी चार पावलं मागे जायचं आणि हवं तर पाठ करून उभं राहायचं म्हणजे प्रेक्षकांना दिसत नाही. फोन कुणीही बाहेर काढायचा नाही. रडणाऱ्या मुलाचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत अख्ख्या शाळेत फिरतो आणि पाय बरा झाला तरी तो व्हिडिओ राहतो.

३. डोक्याला लागलं असेल तर

हा भाग सगळ्यात काळजीपूर्वक वाचा, कारण इथे पोरगा उठून उभा राहतो, हसतो, "सर मी ओके आहे" म्हणतो आणि आपण फसतो.

कन्कशन म्हणजे डोक्याला किंवा अंगाला बसलेल्या हिसक्याने मेंदू हलतो आणि त्याचं काम काही काळ बिघडतं. त्यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही, बहुतेक जण पडतही नाहीत. डोक्याला थेट मार लागायलाही हवा असं नाही. स्कॅन नॉर्मल आला म्हणजे कन्कशन नाही असंही नाही, कारण स्कॅन रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर शोधायला असतो.

नियम एकच: शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. पुढचं पुढे डॉक्टर बघतील.

शंका कशावरून घ्यायची? डोकं धरलंय, उठताना तोल जातोय, नजर शून्यात आहे, चुकीच्या दिशेने धावला, तोच प्रश्न परत विचारतोय, डोकं दुखतंय, मळमळतंय, उजेडाचा त्रास होतोय, किंवा नुसतंच "कसंतरी होतंय". साधे प्रश्न विचारा: आपण कुठल्या ग्राउंडवर आहोत, कुठला हाफ चालू आहे, शेवटचा पॉइंट कुणी काढला, मागची मॅच कोणाशी होती, जिंकलो का? एखादं उत्तर चुकलं तर बाहेर. पण सगळी बरोबर आली म्हणून परत आत पाठवायचं असं नाही हं, हा प्रश्नांचा खेळ फक्त बाहेर काढायला वापरायचा.

त्रास उशिरा सुरू होऊ शकतो हे विसरू नका. २०१९ ची लॉर्ड्सची ॲशेस टेस्ट आठवा, आर्चरचा बाउन्सर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला, तो बाहेर गेला, तपासण्या झाल्या, परत येऊन बॅटिंग केली आणि ९२ वर आउट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रास जाणवायला लागला आणि तो मॅचमधून बाहेर पडला, त्याच्या जागी आलेला लाबुशेन हा टेस्टमधला पहिला कन्कशन सब्स्टिट्यूट. तिथे अख्खी मेडिकल टीम होती. आपल्याकडे एक बर्फाची पिशवी आणि एक शिट्टी.

आणि वयाचा मुद्दा आहे. वाढत्या वयातल्या मेंदूला पहिल्या धक्क्यातून सावरायच्या आधी दुसरा धक्का बसला तर क्वचित मेंदूला भयंकर सूज येते, आणि ते जिवावर बेततं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या १३ वर्षांच्या एका मुलाला डोक्याला लागलं, त्याच मॅचमध्ये तो परत उतरला आणि नंतर मेंदूत रक्तस्राव होऊन आयुष्यभराचं अपंगत्व आलं. त्यावरून त्या राज्याने २००९ मध्ये कायदा केला की शंका आली की मुलाला बाहेर काढायचं आणि लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही, आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्या सगळ्या राज्यांनी तसे कायदे केले. आपल्या शाळेसाठी असा नियम करायला कायद्याची वाट बघायची गरज नाही, मुख्याध्यापकांच्या सहीचं एक पान पुरतं.

लगेच हॉस्पिटल, वाट न बघता: पुन्हापुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, बेशुद्धी, दोन दोन दिसणं, एका डोळ्याची बाहुली मोठी, मान दुखणं, हातपाय लुळे पडणं किंवा मुंग्या, गुंगी वाढत जाणं, उगाच चिडणं-भांडणं. बाकीच्यांनाही एकटं सोडायचं नाही, सायकलवर घरी पाठवायचं नाही, मोठ्या माणसाच्या ताब्यात द्यायचं आणि काय झालं ते सांगायचं.

टीममेट्सनो, इथे तुमचं काम कोचपेक्षा मोठं आहे. कोचला मैदानाच्या पलीकडून जे दिसत नाही ते तुम्हाला बाजूला उभं राहून कळतं, तो चुकीचं नाव घेऊन हाक मारतोय, ती प्लॅन विसरली. हे सरांना सांगणं म्हणजे चुगली नव्हे. आणि कोचने ज्या पोराने सांगितलं त्याला सगळ्यांसमोर "बरं केलंस" म्हणायचं, विशेषतः मॅच हरली असेल तर.

४. हात, पाय, गुडघा, घोटा

मोठ्या माणसाचा घोटा मुरगळला तर बहुतेक वेळा लिगामेंटला लागतं. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी ग्रोथ प्लेट असते, हाड जिथून वाढतं ती जागा, आणि ती बऱ्याचदा लिगामेंटपेक्षा कच्ची असते. म्हणजे जे आपल्याला "मुरगळलंय, होईल दोन दिवसात" वाटतं ते फ्रॅक्चर असू शकतं. घोट्यासाठी एक साधी खूण: त्यावर वजन टाकून चार पावलंही चालता येत नसेल किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर नेमकं तिथेच दुखत असेल तर एक्सरे काढायचाच. सूज कमी आहे म्हणून सोडायचं नाही.

तोवर: खेळ बंद, पाय उंच, क्रेप बँडेज (बोटं निळी-थंड पडत नाहीत ना बघत राहायचं), बर्फ कापडात गुंडाळून, एका वेळी जास्तीत जास्त २० मिनिटं. बर्फाबद्दल हल्ली वाद आहे, ज्या डॉक्टर मर्किन यांनी १९७८ मध्ये आराम-बर्फ-दाब-उंची हा फॉर्म्युला रूढ केला त्यांनीच नंतर म्हटलं की बर्फाने भरून यायला उशीर होऊ शकतो. पण पहिल्या तासात दुखणं कमी करायला तो चालतो. चोळणं, मालिश, गरम शेक मात्र पहिले दोन-तीन दिवस नको. आणि खांदा किंवा बोट निखळलं असेल तर बसवायला जाऊ नका, प्रत्येक टीममध्ये एक "मला येतं" वाला असतो, त्याला लांब ठेवा.

दात मुळासकट निघून पडला तर तो चावायच्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका, दुधात टाका आणि तसेच डेंटिस्टकडे पळा. तासाभराच्या आत पोचलात तर परत बसायची चांगली शक्यता असते.

जे एका दिवसात होत नाही त्याकडेही लक्ष असू द्या. गुडघ्याखालच्या टेंगळाशी दुखणं, टाचेचं दुखणं, फास्ट बोलर किंवा जिम्नॅस्टची पाठ. या वयात दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली पाठदुखी म्हणजे मणक्याच्या हाडाला चीर असू शकते, "पाठ भरलीये" म्हणून सोडू नका.

५. घरी फोन

फोन कोचनेच करायचा, मुलाच्या मित्राने नाही. क्रम असा: आधी "तो शुद्धीत आहे, माझ्याजवळ आहे" (असेल तरच), मग काय झालं, मग आता काय करतोय, मग तुम्ही कुठे यायचंय. निदान सांगू नका, "लिगामेंट गेलंय बहुतेक" वगैरे. कुणाची चूक हेही नको. रात्री परत एक फोन करा, आणि तो मुलाला द्यायला सांगा. या रात्रीच्या फोनला दोन मिनिटं लागतात आणि बहुतेक कोच तो करत नाहीत.

६. दुसऱ्या दिवसापासून: "कधी येणार?" हा प्रश्न बंद करा

आता माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. जखमी पोराला वर्गात, जिन्यात, स्टाफरूमच्या दारात, ग्रुपवर एकच प्रश्न विचारला जातो: कधी खेळणार? विचारणारा प्रेमाने विचारतो. पण दिवसात वीस जणांनी विचारलं की पोराला कळतं की आपली किंमत त्या तारखेला बांधलेली आहे. मग तो एकतर मनाने तारीख ठरवून टाकतो आणि ती पाळायला दुखणं लपवतो, किंवा लोकांना टाळायला लागतो. फिजिओला "दुखत नाही" सांगणारी पोरं मी बघितलीयेत, का तर सरांना पुढच्या महिन्याचं सांगून बसलो म्हणून.

त्याऐवजी काय विचारायचं? "आज कसं आहे?" "फिजिओने काय नवीन दिलं?" "रात्री झोप लागते का?" किंवा दुखापतीबद्दल काहीच नाही, नेहमीच्या गप्पा. टीमला कोचने एकदा उघड सांगून टाकायचं: तारीख डॉक्टर सांगतील, मला कळली की मी सांगेन, लागलेल्या प्लेयरला कुणी विचारायचं नाही.

७. जखमी प्लेयरला टीममध्येच ठेवा

घरचे आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर प्रॅक्टिसला बोलवा. रोज नको, पण ठरलेले दिवस असू देत. आणि आल्यावर काम द्या, खरं काम. बाटल्या भरणं आणि बॅगा राखणं हे काम नव्हे, ते केलं तर सगळ्यांनी आळीपाळीने करायचं.

चालण्यासारखी कामं: समोरच्या टीमचं निरीक्षण करून वहीत लिहिणं, एका ज्युनियर प्लेयरवर लक्ष ठेवून त्याला ब्रेकमध्ये दोन गोष्टी सांगणं, मॅचचे आकडे ठेवणं, ड्रिलची वेळ लावणं, व्हिडिओ काढणं. बसून करता येणारे स्किल असतील तर तेही, कॅचिंग, हाताचे व्यायाम, डॉक्टरांनी परवानगी दिलेली सगळी ट्रेनिंग टीम करत असते त्याच वेळेला. माझ्या टीममधल्या एका मुलीला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी समोरच्या सर्व्हिसच्या नोंदी ठेवायला लावलं होतं, तर पोरीने कोण कुठल्या पायावर जोर देऊन कुठे सर्व्ह करते ते रंगीत पेनांनी काढून आणलं, आणि पुढच्या मॅचला टाइमआउटमध्ये टीम माझ्याऐवजी तिच्या वहीभोवती गोळा झाली.

पण जबरदस्ती नको. काहींना पहिले काही दिवस मैदान बघवत नाही, तेही साहजिक आहे. अशा वेळी "बघ, गुरुवारी जागा ठेवतोय तुझी" एवढं सांगून सोडा आणि पुढच्या आठवड्यात परत विचारा. टीम फोटो, बसमधली जागा, जर्सी, ग्रुप, यातून नाव काढू नका. ग्रुपमधून काढणं तर अजिबात नको, एका शाळेत हे झालेलं मला माहितीये, "प्लेइंग स्क्वॉड" म्हणून नवीन ग्रुप केला आणि जुन्यात फक्त जखमी पोरं उरली.

८. टीममेट्ससाठी, थोडक्यात

- पहिल्या दोन दिवसात भेटून या किंवा फोन करा. काय बोलायचं सुचत नसेल तर "वाईट वाटलं यार, काय हवंय का" एवढं पुरतं.
- वर्गाच्या नोट्स, दप्तर उचलणं, जिना उतरताना बरोबर चालणं. न मागता करा.
- "माझ्या काकांचं पण तसंच झालं, ते परत कधी..." हे किस्से घरी ठेवा.
- लंगडण्याची नक्कल, "प्लास्टरवाला" अशी नावं, नको. त्याने स्वतः जोक केला तर हसा, सुरुवात तुम्ही करू नका.
- त्याच्या जागी तुम्हाला संधी मिळाली असेल तर टाळत फिरू नका. जाऊन सरळ बोला, "तुझ्या जागेवर खेळतोय, काय करायचं ते सांग". अवघड आहे, पण न बोलणं जास्त अवघड होत जातं.

आणि ज्याच्या टॅकलने किंवा बॉलने लागलं तो विसरू नका, प्रॅक्टिसमध्ये बरेचदा तो आपल्याच टीमचा असतो. तो रात्रभर झोपलेला नसतो. कोचने त्याला बाजूला घेऊन बोलायचं, आणि शक्य झालं तर दोघांची लवकर भेट घडवायची.

९. मनाचं दुखणं

चौदा-पंधरा वर्षांच्या प्लेयरची ओळखच "ती धावणारी", "तो गोलकीपर" अशी असते. खेळ थांबला की संध्याकाळचे दोन तास, मित्र, झोपेचं वेळापत्रक, सगळं एकदम जातं. चिडचिड, रडू येणं, थोडे दिवस गप्प राहणं हे होणारच. पण आठवडे गेले तरी झोप नाही, जेवण तुटलंय, शाळा बुडतीये, फिजिओला जात नाही, "आता काय उपयोग" असं बोलतोय, तर पालकांशी आणि शाळेच्या काउन्सेलरशी बोला. स्वतःला इजा करण्याबद्दल काही बोलला तर त्याच दिवशी, त्याला एकटं न सोडता. "गुपित ठेवा सर" म्हणाला तरी हे गुपित ठेवायचं नाही, आणि तसं त्याला सरळ सांगायचं.

उदाहरणं द्यायची तर खरी द्या. नीरज चोप्राच्या कोपराचं ऑपरेशन २०१९ मध्ये झालं, त्या वर्षीची वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली, आणि २०२१ मध्ये टोकियोला गोल्ड. विनेश फोगाट २०१६ ला रिओमध्ये गुडघा दुखावून स्ट्रेचरवरून बाहेर गेली, २०१८ ला एशियन गेम्सचं गोल्ड. पण हे पहिल्याच आठवड्यात सांगू नका, तेव्हा पोराला ऐकून घेणारं माणूस हवं असतं, भाषण नको.

१०. परत येणं

परवानगी लेखी हवी, डॉक्टरांची. पालकांचा मेसेज "आता बरा आहे, खेळवा" चालत नाही, मुलाचा शब्दही नाही, आणि कोचचा अंदाज तर अजिबातच नाही.

कन्कशननंतर जगभर साधारण सहा पायऱ्या पाळतात, प्रत्येक पायरीला किमान २४ तास. पहिले एक-दोन दिवस तुलनेने आराम आणि स्क्रीन कमी, मग:

१) घरातली-शाळेतली रोजची हालचाल, चालणं
२) हलका आणि मग मध्यम व्यायाम, सायकल वगैरे
३) एकट्याने खेळातल्या हालचाली, धक्का लागणार नाही अशा
४) टीमबरोबर ड्रिल, पण काँटॅक्टशिवाय
५) पूर्ण प्रॅक्टिस
६) मॅच

चौथ्या पायरीच्या आधी त्रास पूर्ण गेलेला हवा आणि डॉक्टरांचा होकार हवा. आणि शाळा आधी, मॅच नंतर, अख्खा दिवस वर्गात डोकं न दुखता बसता येत नसेल तर मैदानाचा विषयच नाही. मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, चार आठवडे लागले तर घाबरू नका.

गुडघ्याच्या एसीएलचं (गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट) ऑपरेशन असेल तर ९ महिन्यांच्या आत मॅच नाही, आणि ९ महिने झाले म्हणजे आपोआप तयार असंही नाही, दोन्ही पायांची ताकद आणि उड्यांच्या टेस्ट जमल्या पाहिजेत. २०१६ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की ९ महिन्यांपर्यंत प्रत्येक जादा महिना थांबण्याने परत दुखापतीचं प्रमाण साधारण निम्म्याने कमी होत गेलं. टूर्नामेंट आठव्या महिन्यात असेल तर हा आकडा पालकांना दाखवा.

शरीर तयार असतं आणि मन नसतं असंही होतं. टॅकलला जाताना पाय मागे घेतो, उडी अर्धीच मारतो. यावर ओरडून उपयोग नाही. आधी सोप्या ड्रिल, ओळखीचा पार्टनर, मग थोड्या वेळासाठी मॅच, आणि "दुखलं तर हात वर कर, मी काढतो, पुढच्या मॅचवर काही परिणाम नाही" असं आधीच सांगून ठेवा. आणि हात वर केल्यावर खरंच काढा, तोंड वाकडं न करता.

११. नेहमीचे सापळे

शूरपणाच्या गोष्टी. २००२ च्या अँटिग्वा टेस्टमध्ये कुंबळे तुटलेला जबडा बांधून बोलिंगला आला आणि लाराला आउट केलं, ही गोष्ट प्रत्येक कोच सांगतो. गोष्ट ग्रेट आहेच. पण तो तिशी ओलांडलेला माणूस होता, काय करतोय ते त्याला कळत होतं, आणि नंतर तो ऑपरेशनला घरी गेला. ती चौदा वर्षांच्या पोराला "तू पण खेळ" म्हणून सांगायची गोष्ट नाही.

पेनकिलर खाऊन किंवा टेप मारून खेळवणं. दुखणं हा सिग्नल आहे, तो बंद केला की पोरगा मोडलेल्या जागेवर पूर्ण जोर टाकतो. औषध डॉक्टर आणि पालक देतील, कोचने द्यायचं नाही. ॲस्पिरिन तर मुलांना डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कुणीच देऊ नये.

सिलेक्शन. ट्रायल तोंडावर आली की पालकच मागे लागतात. इथे कोचने वाईटपणा स्वतःकडे घ्यायचा, "मी उतरवत नाहीये" असं म्हणायचं, म्हणजे पोराला घरी बोलणी बसत नाहीत.

मेन प्लेयरला एक नियम आणि बाराव्या खेळाडूला दुसरा. पोरं हे पहिल्या दिवशी ओळखतात.

१२. नोंद

शेवटचं काम, एक साधी वही. तारीख, कोण, काय करताना, कुठल्या ग्राउंडवर, काय केलं, कुणाला फोन केला, परवानगीचा कागद कधी आला. त्याच दिवशी लिहा, सही करा, शाळेच्या ऑफिसला एक प्रत द्या, आणि मुलाची वैद्यकीय माहिती ग्रुपवर टाकू नका. सीझन संपला की वही काढून बसा: तीनदा घोटा एकाच कोपऱ्यात मुरगळला असेल तर तिथे खड्डा आहे, गुडघे शेवटच्या अर्ध्या तासात जात असतील तर प्रॅक्टिस लांबतीये किंवा वॉर्मअप ढिला आहे. पुढच्या सीझनचे कागद भरताना ही वही शेजारी ठेवा, "आधीच्या दुखापती" हा रकाना पालक बहुतेक वेळा कोरा सोडतात.